धुतलेले दगड

तलमडुगु,
ता. १४ मे २०२५

दादा,

नमस्कार. आई बरी हाये, भेंडीचा तोडा सुरू हाये. ऊन लई तपून राह्यलं. काल तुझे अकरा फोन आले, मी मुद्दाम उचलले नाई. तू फोन स्पीकरवर ठेवतो आन् बाजूले तुझे सासरे बसलेले असतात. म्हनून लिहून राह्यली.

तुझ्या समुद्री माशाईच्या टाकीचा फोटो पाहिला. अरे, दगडाची अशी भिंत कोन रचते! मोठे दगड खाली, सरळ काचेच्या तळावर, मंग भवताली वाळू. वाळूवर ठेवले तर मासे खालून उकरतात आन् ढिगारा कोसळते. बाजूच्या काचेपासून चार बोटं जागा सोड. मधात फटी राहू दे, पानी फिरलं पाहिजे. हे तूच मले शिकवलं होतं, इसरला का?

पन पानी पांढरं पडलं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, ते रचनेनं नाई. खरं सांग, बोरच्या पान्यानं दगड धुतले न तुमी? वास येते म्हनून वहिनीच्या आईनं घासायले लावले असतील. दादा, त्या दगडावर जीव होते रे. डोळ्याले दिसत नाई, पन समुद्राचं पानी तेच साफ ठेवतात. ते मेले, आता सडून राह्यले.

टाकीतले ते सिमेंटाचे दगड आपन दोघाईनं घडवले. पन हैदराबादेहून आनलेल्या समुद्रातल्या दगडाच्या एका जित्या तुकड्यासंगं, मांगच्या आंगनातल्या खाऱ्या पान्याच्या निळ्या ड्रमात, दहा महिने जगवले ते मी. उन्हानं पानी आटे, रोज खुनेपर्यंत मी भरे. दोघं मिळून दुकान टाकू, म्हनत होता तू. आन् मी आईले दवाखान्यात घेऊन गेली, त्याच दिवशी पोत्यात कोंबून, कोरडेच नेले सारे. सासऱ्याच्या मंचेरियलच्या हॉटेलात! तरीबी मी हॉटेलाच्या उद्घाटनाले आली.

उद्घाटनातून मी न जेवता काऊन निघाली, हे तू अजून इचारलं नाई. सांगते. तुझ्या सासऱ्याच्या पाहुण्यानं इचारलं, "ही पोरगी कोन?" तू म्हनला, "गावाकडं दगडाले पानी टाकाले ठेवली होती." लाडवाचा डबा घेऊन तुझ्या मांगंच उभी होती मी. सासरे हासले, तूबी हासला. आईले हे सांगाची माही हिंमत नाई झाली.

नागोरावमामाच्या जीपमध्ये ह्या चिठ्ठीसंगंच ड्रमातल्या जुन्या पान्याचे चार कॅन पाठवून राह्यली. मासे टबात, त्या पान्यात काढ. हवेचा पंप बंद करू नको. धुतलेले सारे दगड बाहेर काढ. ओल्या गोनपाटात एक दगड हाये, तुझ्या नजरेतून सुटून ड्रमाच्या तळाशी राह्यलेला, माह्याकडचा शेवटचा. तो सुकू देऊ नको, लगेच टबात ठेव. मुक्या जीवाईनं माहं काई बिघडवलं नाई.

मी येनार नाई. गाडी पाठवू नको. आता तू साऱ्याईसमोर मले बहीन म्हनशीलबी, पन ते मासे वाचवासाठी म्हनशील.

खाली नातं लिहत नाई, नुसतं नाव लिहते.

तेजस्विनी