परसातल्या टाकीचा वारस

मी, राही रावजी शेट्ये, वय वर्षे एक्कावन्न, अविवाहित, रासायनिक अभियांत्रिकीची प्राध्यापिका, राहणार रत्नागिरी, आज पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. पोटातला कर्करोग डोक्यापर्यंत पोहोचलेला नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. वेदनेची गोळी आज मुद्दाम घेतलेली नाही, त्यामुळे भाषा थोडी कडक वाटेल. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. एवढ्यात मरायचा विचार नव्हता.

१. राहते घर व पुढचे अंगण धाकटा भाऊ हरिश्चंद्र याला द्यावे. तो दर मे महिन्यात मुंबईहून येतो, आंबे खातो आणि नाकाला रुमाल लावून विचारतो, "ताई, एवढी शिकलीस ती शेण कालवायला?" त्याला माझ्याबद्दल माया आहे. ती आंब्यांच्या हंगामात उतू जाते. मागची पडवी आणि परस मात्र त्याचे नाही. वाऱ्याची दिशा लक्षात घेता वास त्याच्याच माजघरात येईल, आणि त्याला माझी आठवण होत राहील.

२. माझी पुस्तके विद्यापीठाच्या संशोधन केंद्राच्या ग्रंथालयाला द्यावीत. तिथे ती सुरक्षित राहतील. हात लावणारे कुणी नाही.

३. परस, त्यातली गॅसची टाकी, शेगडीपर्यंतची नळी, मागची पडवी आणि कुंपणाच्या दगडी गडग्याकडून येणारी वाट, हे सर्व मथुरा केरू धनावडे हिला कायमचे द्यावे. मथुरा त्या पडवीत खानावळ चालवते. शेण आणि काजूचे टाकाऊ बोंडू टाकीत घालायचे, आंबट जास्त झाले की चुना टाकायचा, एवढ्यावर तिची शेगडी निळी जळते. त्याआधी ती ओल्या लाकडांवर रांधायची आणि सकाळी डोळे उघडायला तिला पाणी लावावे लागायचे.

टाकीबद्दल वाद होणार आहे, म्हणून तिची हकिगत इथेच देते.

पहिली टाकी मी केंद्राच्या आवारात बांधली होती. १९८३ साली तिच्या उद्‌घाटनाला मंत्री यायचे ठरले. मी तेव्हा कामाने दापोलीला गेले होते. विभागप्रमुख डॉ. आत्माराम पावसकर यांना टाकीचा वास पाहुण्यांच्या दृष्टीने अयोग्य वाटला. त्यांनी ती उपसून, आतून घासून, फिनेलने धुऊन घेतली. गॅस करणारे जंतू टाकीतल्या शेणाच्या रेंद्यातच राहतात. रासायनिक अभियांत्रिकीतले चार डॉक्टर काठावर उभे राहून ते मारण्यावर देखरेख करत होते, आणि एकालाही हे आठवले नाही. टाकी मेली. उद्‌घाटनाच्या दिवशी पडद्यामागे स्वयंपाकाचा सिलिंडर ठेवला, मंत्र्यांनी काडी लावली, टाळ्या झाल्या. पुढे पावसकरांनी अहवाल दिला की हे तंत्र कोकणच्या हवेत टिकत नाही. प्रकल्प बंद झाला. दोष माझ्या संशोधनाचा ठरला.

दुसरी टाकी मी स्वतःच्या पैशाने माझ्या परसात बांधली. केंद्राची एक वीटही तिला लागलेली नाही. कोकणच्या त्याच हवेत ती आजतागायत चालू आहे.

आता दिल्लीहून तपासणी समिती येणार आहे आणि केंद्राकडे दाखवायला एक ज्योत नाही. म्हणून पावसकर गेल्या आठवड्यात शहाळे घेऊन मला भेटायला आले.

"शेट्येबाई, टाकी केंद्राच्या नोकरीत असताना बांधलीत. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ती केंद्राचीच. तुमच्या पश्चात आम्ही सांभाळू. तुमचं नाव देऊ."

"पहिलीला कुणाचं नाव दिलंत?" मी विचारले.

"मागचं कशाला उकरायचं? तुम्ही विश्रांती घ्या."

ते गेल्यावर मथुरा पडवीतून आत आली. "बाय, तुमच्या मागारी ह्यो मानूस गाडी घेऊन येनार बगा. कागद दाखवील, मी काय बोलनार? मंग परत फाट्यांव रांदू?"

मी म्हटले, "त्याचा बंदोबस्त करते."

"तुमचं भांडान तुमी मिटवा. माजी शेगडी मदी घालू नका."

ती बरोबर बोलली. म्हणून कलम तीन साधे ठेवले आहे. भांडण पुढच्या कलमांत आहे.

४. केंद्राने माझी शोकसभा घेऊ नये. घेतलीच आणि माझ्या जाण्याने पोकळी निर्माण झाली असे कुणी म्हणाले, तर ती पोकळी १९७९ सालीच विभागप्रमुख म्हणून रुजू झाली आहे, असे तिथल्या तिथे सांगावे.

५. या कागदाची अंमलबजावणी शेजारी बाबू लवू मयेकर यांनी करावी. पहिले साक्षीदारही तेच. दुसरे साक्षीदार म्हणून मी डॉ. पावसकरांना बोलावले आहे. मृत्युपत्राला सही हवी म्हटल्यावर ते लगेच येतो म्हणाले. टाकी केंद्राला मिळते आहे असा त्यांनी समज करून घेतला, मी तो मोडला नाही. आमच्या विभागात प्रबंधाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने फुली मारायची पद्धत आहे. साहेब फुली शोधतात, सही करतात, वर काय लिहिले आहे ते पाहत नाहीत. माझ्या अकरा निबंधांवर पहिले नाव त्यांचे आहे, तेही त्यांनी वाचलेले नाहीत. या कागदावरही मी फुली मारून ठेवली आहे. त्यांनी वाचले आणि सही नाकारली, तर समोरच्या यमुनाबाई खातू सही करतील आणि मी पावसकरांची क्षमा मागेन.

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: १४ सप्टेंबर १९८६
लिहून देणार: राही रावजी शेट्ये (सही)

साक्षीदार: वरील सर्व मजकूर आम्ही वाचला. टाकीची हकिगत खरी असून टाकीवर केंद्राचा कोणताही हक्क नाही, हे आम्हांस मान्य आहे. लिहून देणारीने आमच्यासमोर सही केली.

१. बाबू लवू मयेकर (सही)

२. डॉ. आत्माराम पावसकर, विभागप्रमुख (सही व शिक्का)