हलू नका

रविवार, १५ नोव्हेंबर

तीर्थरूप आप्पांना नमस्कार.

तुमचा खोकला कमी झाला असेल अशी आशा आहे. मी बरी आहे, वेळेवर जेवते, खोलीतला गळका नळ एकदाचा दुरुस्त झाला. वहिनी, हे पत्र सावकाश आणि मोठ्याने वाच. फोनवर आप्पांना ऐकू येत नाही, आणि हे काही ओरडून सांगण्यासारखं नाही.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तळ्याच्या फोटोत तुम्ही आला नाहीत. ते खरं नाही. तुम्ही आला होतात.

नीट सांगते. त्या सकाळी मी कॅमेऱ्यावर काळी काच लावली होती. ती लावली की उजेड आत अगदी थेंबाथेंबाने शिरतो, म्हणून एक फोटो चार-चार मिनिटं चालतो. तेवढ्यात जे जे हलतं ते पुसलं जातं. बदकं गेली, पलीकडून जाणारी सायकल गेली. पाणी थिजलेल्या दुधासारखं झालं आणि लव्हाळ्यांचा नुसता धूर. ज्यात कमरेएवढं उभं राहून तुम्ही जन्मभर लव्हाळे कापलेत ते आपलं तळं, आप्पा, चंद्रावरचं वाटतं. फ्रेम करणाऱ्याने विचारलं, "हे आहे तरी कुठे?" मी म्हटलं, "आमच्या मागच्या दारी." त्याला ती थट्टा वाटली.

फोटो सुरू झाल्यावर तुम्ही डोक्यावर ओला भारा घेऊन काठावर आलात. मला वाटलं, चालत पुढे जाल, आणि चालणारा माणूस यात उमटतच नाही. पण तुम्ही कॅमेरा पाहिलात आणि जागच्या जागी थांबलात. भाऱ्याचं पाणी कानामागून मानेवर गळत होतं, तरी थांबलात.

मला आपला तो एकुलता एक जुना फोटो आठवला. फोटोवाला ओरडला होता, "कोणी हलू नका!" आई हसली, दादाने माशी हाकलली, मी तर तुमच्या मांडीवरून निम्मी निसटलेच होते. सगळे पुसट, तुम्ही तेवढे कोरल्यासारखे. आई किती वर्षं म्हणायची, "फोटो यांचाच आलाय, आम्ही आपले वारा!" तेव्हापासूनच ना मी तुमची वळवळ झाले? संध्याकाळी चटई विणताना तुम्ही म्हणायचात, "वळवळे, टोक धर आणि जरा गप बस." मी हटकून हलायचे. ओल्या लव्हाळ्यांचा तो वास माझ्या दप्तराला सुद्धा यायचा. आपल्या घरातून शाळेत गेलेली मी पहिली. वर्गात शेजारच्या मुली नाक दाबायच्या. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. वहिनी, एवढं गाळलंस तरी चालेल.

तर फोटो. तुम्ही मध्येच आलात म्हणून अर्धेमुर्धेच उमटलात. पांढरा सदरा दिसतो, आणि सदऱ्यातून आरपार लव्हाळे दिसतात. प्रदर्शन भरवणाऱ्या बाई म्हणाल्या, "फार सुंदर. हा डाग तेवढा काढ. बघणाऱ्याला वाटायला हवं, इथे माणूस कधी आलाच नाही."

मी काढला. बोटाच्या पेराएवढी तर जागा होती. तिथे शेजारचं पाणी पसरलं. फोटो थेट दारासमोरच्या भिंतीवर लागला, खाली माझं नाव. आणि तुम्ही वहिनीकडून विचारलंत, "मी आलोय का गं त्यात?" तेव्हा लिहून टाकलं की नाही.

त्यावर वहिनीच्या पत्रात तुमचं एवढंच उत्तर होतं: "मी हललो असेन."

आप्पा, तुम्ही हलला नव्हतात.

काल मी बाईंना सांगितलं की मूळ फोटो लावायचा आहे. त्या म्हणाल्या, "मग ही भिंत दुसऱ्याला देते. तुझा जाईल मागे, जिन्याखाली. तिथे कोणी फिरकत नाही. विचार कर." मी अशी काही मान हलवून आले की ती हो होती की नाही, हे त्यांनाही कळलं नसेल. पहिल्यांदाच एवढी मोठी भिंत मिळाली होती.

आज मूळ फोटो छापायला टाकला. बुधवारी मिळेल, आणि शुक्रवारी प्रदर्शन उघडतं. भीती बाईंची नाही, माझीच आहे. मला मी ठाऊक आहे, ऐन वेळी पाय मागे घेईन. म्हणून तुम्हाला दिवस सांगून ठेवते. तुम्हाला शब्द दिला की मला फिरता येत नाही.

जिन्याखाली उजेड कमी आहे. पण जवळ येऊन बघितलं की तुम्ही दिसता.

तुमची,
अजून एका जागी उभं राहायला शिकणारी
वळवळ

वहिनी, शेवटचं तेवढं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांग. पुसलेला फोटो मी माझ्या हाताने उतरवणार आणि आप्पांचा लावणार. येत्या गुरुवारी, एकोणीस तारखेला.