दोन्ही कान शाबूत असताना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझे कानही ठिकाणावर आहेत. दोन्ही.

हे वाचून घरात कोणाला भोवळ आली तर आधी पाणी प्या, मग पुढे वाचा. खरे तर हे गुपित मी सोबत घेऊनच जाणार होते. पण मागची खोली मला माझ्या नणंदेला द्यायची आहे, आणि वकीलसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही बहिऱ्या म्हणून गावभर प्रसिद्ध. उद्या मुलं म्हणतील, आईला काय वाचून दाखवलं ते ऐकूच आलं नाही. मग बसा कोर्टात." म्हणून त्या खोलीपायी मी बहिरेपण सोडते आहे. कानाच्या डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

त्याचे असे झाले. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी मला हाक मारली. मी शिवणात गुंग होते, ओ दिली नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या गल्लीला सांगून टाकले, "सून कामाची आहे, पण कानाने अधू." दुसऱ्या दिवशी मला कोणीही फुकटचा सल्ला दिला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला बहिरी ठरवले लोकांनी हे खरे, पण चौथ्या दिवसापासून मी बहिरी राहिले ती माझ्या मर्जीने. त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षे झाली.

यजमान शेवटपर्यंत माझ्याशी ओरडूनच बोलले. प्रेमाचे चार शब्दसुद्धा ओरडून, त्यामुळे ते अख्ख्या गल्लीला पाठ आहेत.

आता वाटणी. पुढच्या दोन खोल्या दोन्ही मुलांना एकेक. बँकेतली ठेव दोघी सुनांना निम्मी निम्मी. शिलाई मशीन आणि मोठी कात्री धाकट्या सुनेला. ती माझ्या पाठीमागे उभी राहून मला "फौजदार" म्हणते. नाव मला आवडले आहे. थोरल्याने हौसेने आणलेले कानाचे यंत्र खोक्यात तसेच कोरे आहे. ते त्यालाच परत. ते लावून त्याने बायकोचे ऐकावे.

समोरच्या बेकरीवाल्याने, मी त्याचे माप घेत असताना, माझ्या शिलाईला गोणपाट म्हटले होते. त्याच्या कोटाची डावी बाही अर्धा इंच आखूड आहे, ती चुकून नव्हे. त्याला मी माफ केले आहे. बाही मात्र तशीच राहील.

मागची खोली, तिच्या वेगळ्या दारासकट, नणंदेला मालकी हक्काने. मुलांनो, आत्याला तिथून हलवायचे नाही. एकोणीस वर्षांपूर्वी ती नवऱ्याचे घर सोडून, हातात एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी शिवत होते. ती हळूच म्हणाली, "वहिनी, मी इथे राहू का?" मला स्पष्ट ऐकू आले. लोक काय म्हणतील, एवढेच माझ्या मनात आले, आणि मी मान वर केली नाही. ती जरा वेळ थांबली आणि निघून गेली. तेव्हापासून ती भाड्याच्या खोल्या बदलत राहिली आहे. मला त्याची लाज वाटते.

मृत्युपत्र मी मेल्यावरच लागू होते असे कळले. तेवढा धीर मला नाही. म्हणून काल मी स्वतः जाऊन किल्ली तिच्या हातात दिली आणि सगळे कबूल केले.

ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, वहिनी. तुझं मशीन थांबलं होतं."

"मग पुन्हा का नाही विचारलंस?"

"तू ऐकलं होतंस ना."

वरील मजकूर मला नेहमीच्या आवाजात वाचून दाखवला. तो मी ऐकला आणि सही केली.

सही: शिवणकाम करणारी (स्वहस्ते)
साक्षीदार: १. कानाच्या डॉक्टरीणबाई (सही) २. खालच्या मजल्यावरचे छापखानेवाले (सही)
स्थळ: माझी शिवणाची खोली
दिनांक: १२ मार्च २०२४, मंगळवार