परत पाठवलेला मेंढा

अक-ओरूक,
२३ सप्टेंबर

मोठ्या भाऊजींना सायराचा सलाम.

तब्येत आता बरी असेल. गुरुवारी तुमच्या छातीत दुखतंय म्हणून तुमच्या वकिलानं कोर्टात चिठ्ठी दिली, आणि शनिवारी मोठ्या जाऊबाई इथे आल्या तेव्हा बोलता बोलता म्हणाल्या की परवा तुम्ही दिवसभर लाकडं फोडत होता. परवा म्हणजे गुरुवारच. दुखणं इतक्या लवकर उतरलं हे ऐकून बरं वाटलं.

इकडे सगळं ठीक. जर्दाळू वाळवून पोत्यांत भरून झाले. सासूबाईंचा गुडघा धरलेला असतो, पण दोन दिवस झाले त्या तुमच्या मेंढ्यापाशीच बसून आहेत. शेपटीचा चरबीचा गोळा हातानं तोलून काल म्हणाल्या, "लबाड आहे मेला, पण मेंढा पारखायची नजर बापाची घेतलीय." मेला कोण ते तुम्हाला कळलं असेलच.

जाऊबाईंनी तीन गोष्टी आणल्या. मेंढा, सासूबाईंसाठी मखमली चपान, तो लांब अंगरखा, आणि घडी केलेला एक कागद. कागद सगळ्यात शेवटी काढला, चहाचे तीन पेले झाल्यावर. "माझी काही तक्रार नाही, आमच्यात समेट झाला आहे" एवढंच त्यावर लिहिलंय. खाली माझं नाव, सहीसाठी जागा मोकळी. जाऊबाई म्हणाल्या, "सायरा, तू सही केलीस की खोट्या दाखल्याचा खटला तिथेच मिटतो. नाहीतर ह्यांची गावच्या कचेरीतली खुर्ची जाईल गं. तुरुंगसुद्धा होईल." आणि रडल्या. त्यांच्या रडण्यात खोट नव्हती. मी त्यांना आणखी एक पेला चहा दिला.

कागदावर मग येते. आधी गुरुवारी बेगायिमच्या बापाच्या नावाच्या दाव्यात कोर्टात काय झालं ते सांगते, कारण तुम्ही नव्हता. तुमच्या वकिलानं सांगितलंही असेल, पण तो बिचारा सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता.

न्यायाधीश बाईंनी जन्मदाखला वाचला. बेगायिमचा बाप म्हणून सासऱ्यांचं नाव, आई म्हणून सासूबाईंचं. मग त्यांनी विचारलं, "आजी, ही मुलगी तुमची?"

"माझीच. मग कोणाची?" सासूबाई फणकारल्या.

"पोटची?"

तेव्हा त्या खाली बसल्या. उभं राहून बोलायचं असतं असं शिपाई सांगायला लागला, बाईंनी त्याला हातानं गप्प केलं. सासूबाई म्हणाल्या, "पोटची नाही. माझ्या धाकट्याची, एर्मेकची पहिली पोर. आमच्यात पहिलं नातवंड आजी-आजोबांचं असतं, तुम्हाला माहितेय. चाळीस दिवसांची असताना मी ह्या सुनेच्या मांडीवरून उचलली. म्हातारा टोपी घालून कचेरीत गेला आणि आपल्या नावावर चढवून आला. ही गोठ्यात जाऊन चोरून दूध पाजायची तिला. मला ठाऊक होतं, मी दार लोटून घ्यायचे. मला काय माहीत, बाई, माझा एर्मेक माझ्या आधी जाईल आणि त्याच्या मागं कागदावर कोणीच उरणार नाही?"

त्यांनी एकोणीस वर्षं जिला आपली म्हणून मिरवली, ती माझी नाही असं त्यांना चार लोकांत म्हणावं लागलं, भाऊजी. तुमच्यामुळे. तुम्ही पहिल्या तारखेला "बेगायिम माझी बहीण आहे, कागद बघा" असं ठणकावून सांगितलंत, म्हणून. 

मग माझी पाळी आली. बाईंनी विचारलं, "एर्मेकला मूल नव्हतं, त्यानं पुतण्याला मुलासारखा वाढवला, असा दाखला गावच्या कचेरीतून निघाला. सही कोणाची?"

"मोठ्या भाऊजींची."

"नाव सांगा."

"नाव घेत नाही आम्ही सुना."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मीही सून आहे. पण इथे नाव लागतं." वीस वर्षांत तुमचं नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी घरातल्या मोठ्यांची नावं एकदा कानात सांगितली, पुन्हा उच्चारायची नाहीत म्हणून. कोर्टातही जीभ वळली नाही. शेवटी बेगायिमनं मागून उठून तुमचं नाव सांगितलं आणि ते लिहून घेतलं.

निकाल तुम्हाला ठाऊक आहे. बेगायिम एर्मेकची मुलगी. सीमेवर पडलेल्या जवानाच्या एका मुलाच्या शिक्षणाचा सगळा भार उचलणाऱ्या त्या निधीनं तुमच्या अझीमचं नाव काढलं आणि बेगायिमचं घातलं. उद्या सोमवारी ती बिश्केकला मेडिकल कॉलेजात जाते. गेल्या वर्षीही ती परीक्षा पास झाली होती. तेव्हा आम्ही निधीकडे गेलो, तर तिथला माणूस म्हणाला, "तुमच्या घरातला मुलगा तर दोन वर्षं आमच्याकडून कायदा शिकतोय." ते वर्ष माझ्या पोरीनं शिवणाच्या कारखान्यात लोकांच्या शर्टांना कॉलर लावण्यात घालवलं. तुमच्या घरी अझीमच्या वाढदिवसाला तिनं वाढपही केलं होतं. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "शिवण येतंय, चांगलं आहे, मुलीच्या जातीला कामाला येतं."

हे वाक्य मी रोज आठवते. पीठ मळताना आठवते.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. त्या दाखल्यावर दुसरी सही माझी आहे. कोर्टात ते वाचलं तेव्हा बेगायिमनं माझ्याकडे बघितलं. एर्मेकला जाऊन वर्ष झालं होतं, काळे कपडे मी नुकतेच उतरवले होते. तुम्ही आलात आणि म्हणालात, "पोरगी माझी आहे असं तू आत्ता म्हणालीस तर आई जागच्या जागी मरेल. एक मुलगा गेलाय, आता मुलगीही काढून घेणार? सही कर, अझीम शिकेल, तो बेगायिमला बघेल." मी सही केली. मला वाटलं मी सासूबाईंना वाचवतेय. खरं सांगू? त्याहून मला तुमची भीती वाटत होती. नवरा गेलेल्या सुनेला तुम्ही घरात ठेवाल की नाही, याची. पोरीचा बाप मीही पुसला, भाऊजी. तुम्ही एकट्यानं नाही.

कोर्टातून बाहेर आल्यावर ती म्हणाली, "वहिनी, पाणी देऊ?" आणि लगेच ओठ चावला. बोलायला लागल्यापासून मी तिच्या भावाची बायको. जीभ एका निकालानं वळत नाही. त्यासाठी मी तुम्हाला दोष देत नाही. तो रिवाज होता आणि पोर मी हसत दिली होती. पण त्या रिवाजाच्या आड लपून तुम्ही मेलेल्या भावाला निपुत्रिक केलंत.

अझीमबद्दल मला काही वाटत नाही असं लिहिणार होते. वाटतं थोडं. गुणी आहे तो, त्याला विचारून कोणी काही केलं नव्हतं. पण त्याचे दोन्ही हात धड आहेत आणि कारखान्यात कॉलर लावणारी एक जागा आता रिकामी झालीय.

मेंढा कापला असता तर समेट झाला असं सगळ्या गावानं मानलं असतं. म्हणून दोन दिवस त्याला चारा घातला, पाणी पाजलं आणि उद्या शेजाऱ्यांच्या ट्रकातून परत पाठवतेय. वजन थोडं वाढलंच असेल, घटलेलं नाही. चपान सासूबाईंनी स्वतः घडी घालून दिला. एकदाच अंगावर धरून बघितला, मग म्हणाल्या, "काढ डोळ्यांपुढून." कागद पाकिटात आहे. सहीची जागा तुम्ही दिलीत तशीच कोरी आहे. तुम्ही पुढे केलेल्या एका कागदावर मी एकदा सही केली, तेवढी पुरे.

खोट्या दाखल्याच्या खटल्यासाठी सरकारी वकिलानं शुक्रवारी पुन्हा बोलावलंय. तेव्हा नाव सांगायला बेगायिम मागं बसलेली नसेल, ती कॉलेजात असेल. मलाच सांगावं लागेल. म्हणून तुमचं नाव आज इथे आधी लिहून बघते.

कुबात.

लिहिलं. आता म्हणताही येईल.

बेगायिमची आई,
सायरा