ताटात उरलेली अर्धी भाकर

४ जानेवारी १९७४
सकाळी पाळी आली. लग्नाला वीस महिने. सांगावं कोणालाच लागत नाही, दोरीवरची धुणी पाहून सासूबाईंना कळतं.

काल धंतोलीत डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. रक्त कमी. वाटलं होतं, काय खाता ते विचारतील. त्यांनी विचारलं, "जेवता केव्हा?" म्हटलं, सगळ्यांचं झाल्यावर, ह्यांच्या ताटात. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि शाळेत काय शिकवता म्हणालात?"

गृहविज्ञान. घराण्यातली पहिली पदवी माझी. फळ्यावर चौरस आहाराचं चित्र काढते आणि घरी येऊन नवऱ्याचं उरेल ते खाते.

चिठ्ठीवर: दोन अंडी, दूध, मोडाचे मूग, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ, आठवड्यातून एकदा कलेजी. "आधी तुमचं पोट. मग बाळाचं."

६ जाने.
घरी बोलले. उद्यापासून वेगळं ताट, आणि सगळ्यांसोबत. सगळे म्हणजे आम्ही तिघंच.
सासूबाई : "काहून वं, भांडली का त्याच्याशी?"
मी चिठ्ठी वाचून दाखवली.
"रोज दोन अंडे! कोंबडीवानी खुडूक बसशील एक दिवस." मग स्वतःच हसल्या. "बसली तं बरंच हाय म्हणा."
ह्यांनी चिठ्ठी घडी घालून परत दिली. पोस्टातून आल्यावर तसेही फार बोलत नाहीत.

७ जाने.
माझं ताट. माझी अख्खी भाकर. चोरी केल्यासारखं वाटलं.
हे उठले तेव्हा त्यांच्या ताटात अर्धी भाकर, थोडी भाजी, कांद्याची फोड. रोजच्यासारखीच. सवयीने मी हात पुढे केला. सासूबाईंनी ते ताट उचललं, चुलीमागे झाकून ठेवलं.

११ जाने.
पाचवा दिवस. मोजून अर्धी.
मागच्या वर्षीची वही काढली. १७ मेला लिहिलंय : "हे अर्धपोटी उठतात, माझ्यासाठी राखतात. असा नवरा किती जणींना मिळतो."
आता माझं ताट त्यांच्यासमोर भरलेलं असतं. मग राखतात कोणासाठी?

१३ जाने.
सासूबाईंनाच विचारलं. जवस निवडत होत्या. हात थांबला नाही.
शेवंतासाठी. ह्यांची पहिली बायको, पारशिवनीकडची. नाव माहीत होतं. सातव्या महिन्यात गेली, तेही. बाकी आज कळलं.

"ते बी त्याच्याच ताटात जेवे. तो तवा जवान, भुकेला. ताट असं पुसून उठे का धुवाचं काम नाही. मी म्हणो, जेवली का वं? ते म्हणे, रांधता रांधता खाल्लं. पोटुशी असून तेच. मी कधी टोपल्यात वाकून पाह्यलं नाही, भाकर उरली का नाही."

मग म्हणाल्या, "दवाखान्यात डॉक्टरनं तिची पापणी खाली ओढली. पांढरी. कागदावानी पांढरी. तवापासून तो अर्धी ठेवते."
"आणि ती खातं कोण?"
"तू आल्यावर तू. आता मी खातो. टाकू कशी?"

वीस महिने मी तिची भाकर खात होते. आणि वहीत ह्यांचं कौतुक.

१६ जाने.
अंडं घशाखाली उतरत नाही. घास उचलला की वाटतं, चुलीपाशी कोणी उकिडवं बसलंय, ताट रिकामं होण्याची वाट पाहत.

मी भूत मानत नाही. छप्पन साली आठ वर्षांची होते. दीक्षा घेऊन आल्यावर वडिलांनी घरातले देव नदीत सोडले, मी काठावर टाळ्या वाजवल्या. श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याला घास नाही. ह्या घरातही तेच. देव गेले. मग ही कशी राहिली?

२० जाने.
आज ह्यांना बोलले. फार तोडून. म्हटलं, हे पिंडदानच झालं, नाव बदललं फक्त. आपण कशाला सोडलं मग सगळं?
हे चपलेचा अंगठा शिवत होते. सुई तशीच हातात.
"पिंड नाही," म्हणाले. "उशिरा वाढून राहिलो, एवढंच."
डोकं दुखतंय.

२३ जाने.
सातवीच्या मुलींना लिहून आणायला सांगितलं होतं, काल घरात कोणी काय खाल्लं. बाप, भाऊ, आजी, ओळी भरलेल्या. आईपुढे बऱ्याच जणींनी लिहिलंय, "माहीत नाही." एकीने "आई नंतर जेवते" एवढंच.
लाल शाईचं पेन घेऊन बसले. काय दुरुस्त करू?

१ फेब्रुवारी
पाळी आली. इथून मोजते, दिवस १.
सासूबाईंनी वाटीत एक लाडू जास्तीचा ठेवला. खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पण बघत होत्या दुसऱ्याच कोणाकडे. मला भरवतात की तिला?

१० फेब्रु., रविवार
शेवंताची आई आली. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच. फडक्यात हरभऱ्याचा कोवळा पाला, तीळ. लेकीच्या जागी आलेली तीही लेकच, अशी रीत. मला मात्र त्यांच्यासमोर पाटावर बसवेना.

भाजी त्यांनीच केली. पहिलं मला वाढलं. "खाय वं माय. लाजतं काहून? तुयाच घरचं हाय."

जेवण झाल्यावर हनुवटी धरून मला दाराशी उजेडात नेलं. खरबरीत अंगठ्याने डाव्या डोळ्याची पापणी खाली ओढली. बराच वेळ पाहिलं.
"लाल हाय. थोडीशी."
"थोडीशीच?"
"हाय ना पण." मग म्हणाल्या, "तिची पाहाले मी पोचलो नाही."
सासूबाई आत भांड्यांचा आवाज करत राहिल्या.

निघताना झाकलेलं ताट दिसलं त्यांना. कोणी सांगितलं नव्हतं, तरी समजल्या. सासूबाईंना म्हणाल्या, "तुमी म्हातारीनं काहून खावी? हिले द्या. माही शेवंता खाणाऱ्यावर कधी रागावे नाही."

११ फेब्रु.
माझं ताट संपवलं. मग ह्यांचं पुढे ओढलं, ती अर्धीही खाल्ली. उपकार म्हणून नाही. भूक होती.
हे उठले नाहीत. शेवटच्या घासापर्यंत बसून होते.

२ मार्च
दिवस ३०. पाळी नाही. रक्त कमी असलं की मागेपुढे होतंच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. लक्ष देऊ नये.

७ मार्च
दिवस ३५. नाही. अंडं, मूग, भाजी, सगळं चालू. चुलीपाशी अजून कोणी बसलेलं वाटतं. पण आता ताटाकडे पाहत नाही. माझ्याकडे पाहते.
शेवंताचंही सातव्या महिन्यापर्यंत सगळं ठीकच होतं, असं सगळे म्हणत असतील.

१२ मार्च
दिवस ४०. कोणाला सांगितलेलं नाही. दोरी तेवढी रिकामी.

आज सकाळी हे जेवून उठले. ताटात अर्धी नव्हती. अख्खी भाकर होती, मोडून दोन समान भाग केलेली. सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हे सायकल काढून गेले.

एक अर्धी खाल्ली. दुसरी कोणाची, शेवंताची की पोटातल्याची? हात लावायचा धीर होईना. झाकून ठेवली.

मग आरशासमोर उभी राहून पापणी खाली ओढली. सकाळपासून आभाळ आलंय, खोलीत अंधार. रंग नीट कळला नाही. उद्या दाराशी जाऊन पाहीन.