आमच्या घरात पाणी मुरत नाही

४ मार्च, सकाळी

निर्णय झाला. अंगणात कृत्रिम हिरवळ टाकायची. खरं गवत लावून तीनदा तोंडघशी पडलो. आमच्या चिकणमातीत ते महिनाभर हिरवं राहतं, मग मुळापासून कुजतं. प्लॅस्टिक कुजत नाही. इतकी साधी गोष्ट घरात कुणालाच सुचू नये!

कारण अण्णा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वडील धाकट्या भावाच्या फ्लॅटवर आहेत. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. धाकटा म्हणतो, अण्णांना आता कायमचं इकडेच राहू दे, लिफ्ट आहे. मी फोनवर ठणकावलं, महिनाअखेरीस अण्णा आपल्या घरी येतील आणि हिरवळीवर चालतील. अण्णा एवढंच म्हणाले, बघू. त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे.

७ मार्च

लॉनवाला येऊन गेला. डोळ्यांवर गॉगल, कानाला फोन, अंगणाकडे लक्ष कमीच. मातीत पहार खुपसून मला विचारतो, इथं पाणी मुरतं का?

डोकंच फिरलं. पहिल्याच भेटीत संशय! म्हटलं, "आमच्या घरात कुठंही पाणी मुरत नाही. सगळा कारभार स्वच्छ आहे."

तर म्हणे, मग वीतभर माती काढा, खडी भरा, उतार द्या, नाहीतर मी काम घेत नाही. म्हणजे पाणी त्याच्याकडेच मुरतंय. दिला वाटेला लावून. रोल तेवढे त्याच्याकडून घेतले. मीच अंथरणार. सतरंजी टाकायला कुणी इंजिनिअर बोलावतं का?

ही म्हणते, अहो, तो मातीबद्दल विचारत होता. हिला माणसांची पारख नाही. लग्नापासून म्हणतोय मी.

९ मार्च

तरीही मन मोठं करून थोडं खणायचं ठरवलं. माती सैल व्हावी म्हणून आदल्या दिवशी पाणी सोडून ठेवलेलं. माती कुदळीला चिकटली, कुदळ माझ्या हाताला. कुंपणाजवळ उजवा पाय रुतला. ओढला. पाय आला, बूट आला नाही. कोपरापर्यंत हात घालून चाचपलं, नाहीच. एका मोज्यावर घरात आलो. त्यानंतर पुसलेल्या फरशीवरून जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

१२ मार्च

माती वाळून दगड झाली. उत्तम! याहून पक्का पाया कोण देणार? खणणं रद्द.

१५ मार्च, संध्याकाळ

झालं! गोंद, खिळे, सगळं एकहाती. एक पट्टा उलटा बसलाय, त्यामुळे अर्धं अंगण गडद, अर्धं फिकं दिसतं. हिला सांगितलं, डिझाइन आहे. कुंपणाजवळ जरा उंचवटा राहिलाय. नैसर्गिक वाटतो. एक लांब तुकडाही उरला. मापाच्या बाबतीत मी पहिल्यापासून सढळ.

धाकट्याला फोटो पाठवला. त्याने नुसता अंगठा पाठवला. जळतोय.

२२ मार्च, दुपारी

अनवाणी फेरी मारायला गेलो. तळपाय भाजले, उड्या मारत आत आलो. ही खिडकीतून बघत होती. उपाय सापडलाय: रोज पाइपने पाणी मारायचं. मारलं. गारेगार.

२७ मार्च

हिरवळ तरंगतेय.

पाणी खाली जात नाही, बाजूलाही जात नाही. इथं पाऊल ठेवलं की तिथं फुगा येतो. शेजारी कुंपणावरून म्हणाला, मासे सोडा. एक बेडूक विनापरवाना राहायला आलाय. आणि दोन पट्ट्यांच्या सांध्यातून खरं गवत उगवलंय, चांगलं तरारून! इतकी वर्षं कुठं होतास मेल्या? उपटलं.

सकाळपासून माझंच ते वाक्य डोक्यात घुमतंय. पाणी मुरत नाही. का घुमतंय कळत नाही.

३० मार्च

धाकटा अण्णांना गाडीतून घेऊन आला. मी पहाटेपासून झाडूने पाणी लोटलं होतं. दारात खुर्ची मांडली. अण्णांनी चप्पल काढली, काठी टेकली आणि निघाले. चार पावलं अशी झकास टाकली की मी धाकट्याकडे वळून बघितलं. फोन काढून व्हिडिओ सुरू केला.

कुंपणाजवळच्या उंचवट्यावर पाय अडखळला. काठी सटकली, अण्णा कोलमडले. धाकट्याने धावत जाऊन धरलं. मी फोन धरून उभा होतो.

खुर्चीत बसवलं. चहा अर्धा टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला तुझ्याकडेच राहायचं होतं रे. पण पडायची भीती वाटते."

धाकट्याने काठी उचलून त्यांच्या हातात दिली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. अण्णांची बॅग गाडीतच होती. जाताना त्यांनी उरलेला तुकडा मागून घेतला.

३ एप्रिल

धाकट्याकडून फोटो. त्याच्या गॅलरीत माझा तुकडा, फरशीवर, एक सुरकुती नाही. अण्णा अनवाणी, काठी भिंतीला टेकवलेली. येईल त्याला सांगतात म्हणे, थोरल्याने दिलंय.

म्हणजे माझी हिरवळ यशस्वी झाली. पत्ता तेवढा चुकला. हिला तसं म्हटलं तर हसली नाही. अण्णांच्या खोलीतली चादर काढू का, विचारत होती. राहू दे म्हटलं.

५ एप्रिल

सगळं गुंडाळून काढलं. नवीन कल्पना सुचलीय, माझी स्वतःची: वीतभर माती काढायची, खडी भरायची, उतार द्यायचा. मग अण्णांना बोलवायचं.

आधी तो कुंपणाजवळचा उंचवटा फोडायला घेतला. आतून माझा उजवा बूट निघाला, लेस बांधलेली. अण्णा यालाच अडखळले होते.

ही दारातून विचारत होती, काय सापडलं?

म्हटलं, दगड.