बॅटरीवरचं नाव

बुधवार संध्याकाळ, घाटकोपर

आज मशीन जिंकलं, कानही जिंकला. मधे चुकलो तो मीच.

मुलुंडच्या टॉवरच्या वॉचमनना वॉकीटॉकी मी भाड्याने दिलेत. सोसायटीचे सेक्रेटरी बोलायला लागले की त्यावर कुणीतरी शीळ घालायचं. बटण दाबताच प्रत्येक सेटची रेडिओलहर वेगळी उठते, बोटाच्या ठशासारखी. माझ्या मशीनने शीळवाला सेट पकडला. त्यावर नाव नोंदलं होतं गेटवरच्या तावडेकाकांचं. सुपरवायझर लगेच, "उद्यापासून घरी बसवा म्हाताऱ्याला!"

काका म्हणाले, "अहो शेठ, पुढचे दात आहेत कुठे? शीळ घालू कशानं?"

तेच डोक्यात बसलं. मशीन खोटं बोलत नाही, आणि दात तर खरंच नाहीत. मग?

संध्याकाळी परत गेलो. चार्जिंगला नुसत्या बॅटऱ्या, आणि नावाची लेबलं बॅटरीवरच! सकाळी जो तो हाताला लागेल ती बॅटरी आपल्या सेटला लावतो. मशीनमध्ये लहरी नोंदताना मी नावं वाचली ती या लेबलांवरची. येडा मी!

सगळ्यांना एकेक करून माझ्यासमोर आपापल्या सेटचं बटण दाबायला लावलं. शीळवाली लहर सुपरवायझरच्या सेटची, आणि त्या सेटला तो दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नाही.

"काय रे, आता घरी कोण बसणार?" मी त्याला विचारलं.

काका उद्या ड्यूटीवर. लेबलं आता सेटवर. शीळ मात्र एकदम सुरात होती हां. बिनदातांची नाही, हे कान तेव्हाच सांगत होता.